भिंतीवरचं ताट, जेवायचं ताट

नाबेलला लोक समुद्रासाठी जातात, मी गेले माल तपासायला. आमची दुबईतली कंपनी हॉटेलांना क्रॉकरी पुरवते आणि एका गिऱ्हाइकाला ट्युनिशियाची हाताने रंगवलेली ताटं हवी होती. ट्युनिसपासून साधारण 70 किलोमीटरवर, कॅप बाँ द्वीपकल्पावर हे गाव. किनाऱ्यावर हॉटेलं आणि उन्हाने लालबुंद झालेले युरोपियन, आत गावात दुकानांबाहेर रचलेली ताटं, टाइल्स, कुंड्या. त्यात शुक्रवार, म्हणजे आठवडी बाजार. एप्रिल असल्याने कडू संत्र्याची फुलंही विकायला आलेली. घरोघरी त्यांचा अर्क काढतात.

रस्त्यावरच्या मालाकडे मी बघितलंही नाही. जिथे चाक फिरतं तिथेच तपासणी करायची, हा माझा नियम. आमचा ट्युनिसचा एजंट मला मागच्या गल्लीतल्या कारखान्यात घेऊन गेला. मालकांना सगळे ‘हाज’ म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. कॉफी आली, तिच्यात फुलांच्या अर्काचे दोन थेंब. पहिला घोट साबणासारखा लागला, दुसरा बरा.

फळीवर हिरव्या-पिवळ्या झिलईची खोलगट ताटं होती. हिरवा असा, की आतून ओला वाटावा. मी हात घातला तसे हाज म्हणाले, ‘‘ती भिंतीसाठी.’’

माल विकायला बसलेला माणूस स्वतःहून असं सांगतो, हे माझ्या धंद्यात सहसा घडत नाही. तरी मी तपासणीची कांडी काढली, ओली करून ताटावर घासली. टोक गुलाबी झालं. शिसं.

जुन्या झिलईत शिसं असतं त्याला कारण आहे. त्याने झिलई कमी तापमानाला वितळते, लाल मातीवर सारखी पसरते आणि चकाकते. हिरवा रंग तांब्याचा. आणि तांबं पडलं की त्या झिलईतून शिसं आणखी सहज सुटतं. म्हणजे जे ताट सगळ्यात देखणं तेच खायला सगळ्यात वाईट. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर पडलं की काम सुरू. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात कढी कळकते हे ठाऊक असलेल्या घरात मी वाढले, त्यामुळे हे मला कोणी पटवून द्यावं लागलं नाही. फरक इतकाच, की कळकलेली कढी जिभेला कळते. शिसं कळत नाही.

हाजनी मग आतल्या खोलीतली निळी-पांढरी ताटं दाखवली. विजेची भट्टी, बाहेरून आणलेली बिनशिशाची झिलई. कांडी पांढरीच राहिली. पण कांडीवर ऑर्डर देता येत नाही. नमुने प्रयोगशाळेत जातात, 4 टक्के अॅसेटिक आम्ल भरून 24 तास ठेवतात आणि किती शिसं उतरलं ते मोजतात. युरोपीय नियमाप्रमाणे खोलगट भांड्यात लिटरला 4 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

भावावर एजंट म्हणाला, ‘‘शिसं काढलंत, मग ताट स्वस्त व्हायला हवं!’’ हाज खो खो हसले आणि विजेचं बिल पुढे केलं. शेवटी भाव त्यांचा राहिला, पॅकिंग मी त्यांच्या गळ्यात मारलं. नमुने पास झाले तरच, या अटीवर.