पांढरीवरून रस्ता जाण्यापूर्वी

कराड तालुक्यातील आमच्या गावचा रस्ता रुंद झाला, तेव्हा ओढ्याकाठच्या बांधावरचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, जेसीबीने उचलून मारुतीच्या देवळामागे ठेवण्यात आला. दगडाला धक्का लागला नाही, याचे मला समाधान आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर व त्याच्या पायाशी गाई, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, हे सारे शाबूत आहे. परंतु तो नेमका कोठे व कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, याची नोंद कोणीही केली नाही. गोधनासाठी पडलेल्या माणसाचा दगड जुन्या शिवेवर होता की गावठाणाजवळ, हे आता सांगता येत नाही.

कायदे आहेत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आहे व त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. राज्याचा १९६० चा कायदाही आहे. मात्र हे संरक्षण यादीतील स्थळांना मिळते आणि बांधावरचा वीरगळ सहसा कोणत्याच यादीत नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, पण तो सापडल्यानंतरचा कायदा झाला. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने बांधकामापूर्वीच्या पुरातत्त्वीय तपासणीची व्यवस्था घालून दिली आणि तिचा भार बांधकाम करणाऱ्यांवर टाकला. आपल्याकडेही रस्त्याची आखणी कागदावर असतानाच हे काम व्हावे, असे माझे ठाम मत आहे, कारण भूसंपादन झाल्यावर आखणी चार मीटर सरकवणेही कठीण होते.

मध्य प्रदेशातील भरहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरील दानलेखात येणारे ‘करहाकट’ म्हणजे आपले कराड, आणि आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी गावातून दिसतात. अशा मुलखात सर्वेक्षणाची सुरुवात जुने नकाशे आणि शेतांची नावे यांपासून करावी. ज्या शेताला लोक ‘पांढरी’ म्हणतात, तेथे बहुधा जुनी वस्ती असते: राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती यांनी जमीन पांढुरकी झालेली असते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर डोळ्यांत भरते, म्हणून तिच्यासाठी बोलणारे भेटतात; पांढरीच्या टेकाडाला ना कमान ना शिल्प, आणि तीच माती शेतात टाकायला किंवा भरावाला नेली जाते. त्यामुळे केवळ रस्त्याचा पट्टा नव्हे, तर भरावाची माती व मुरूम जेथून उचलायचा, त्या जागाही तपासल्या पाहिजेत.

त्यानंतर ठरावीक अंतरावर ओळीने चालत खापरे, विटांचे तुकडे, मणी वेचायचे व प्रत्येकाची जागा नोंदवायची, आणि संशय येईल तेथे चर खणून थर पाहायचे. आमच्याकडची खरी अडचण उसाची आहे. उभ्या उसात जमीन दिसत नाही, तोडणीनंतर पाचट पसरते आणि खोडवा ठेवला तर पुन्हा वर्ष जाते. म्हणून पंधरा दिवसांत उरकलेल्या पाहणीवर मी विश्वास ठेवणार नाही.

वीरगळाची मूळ जागा गट क्रमांकासह वहीत लिहून ठेवावी, म्हणून मी गावातील दोन वयस्कर शेतकऱ्यांना बरोबर घेऊन गेलो. दोघांनी दाखवलेल्या जागांमध्ये पंधरा पावलांचे अंतर निघाले, आणि त्या दोन्ही जागा आता भरावाखाली आहेत.