गुणपत्रक, फेरीबोट आणि एक अपील

दाभोळच्या खाडीपलीकडे रात्री मारामारी झाली, कोयत्याच्या वाराने एकाच्या हाताचं हाड मोडलं आणि कबड्डी खेळणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली दोन वर्षं सक्तमजुरी लागली. अपिलाचं वकीलपत्र माझ्याकडे आलं. सत्र न्यायालयात अपील ३० दिवसांत दाखल करावं लागतं. सोबत शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज दिला, जामीन झाला. पण शिक्षा थांबली तरी दोषी हा शिक्का राहतोच, आणि हा पोरगा खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलीस भरतीला उतरणार होता.

त्या रात्री तो दापोली तालुक्यात सामना खेळत होता. खालच्या कोर्टात त्याचा पुरावा काय, तर प्रशस्तिपत्र आणि व्हिडिओची सीडी. प्रशस्तिपत्रावर तारीख होती, वेळ नव्हती. सीडीला तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-बचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र नव्हतं. मूळ मोबाइल हजर केला नसेल तर त्याशिवाय व्हिडिओ पुरावा म्हणून वाचला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन खोतकर प्रकरणात पक्कं केलं आहे. सरकार पक्ष म्हणाला, खाडीपलीकडेच तर होता! पण धोपाव्याची फेरीबोट मध्यरात्री नसते, आणि दापोली-खेड-चिपळूण असा वळसा शंभर किलोमीटरच्या वर जातो. तरी होडी उरतेच. कोकणात होडी मिळाली नाही हे कोण मानेल?

म्हणून सगळी मदार सामन्याच्या गुणपत्रकावर. ते मंडळाच्या कपाटात वर्गणीच्या पावतीपुस्तकांखाली सापडलं. सामना सुरू ११.४०, उत्तरार्ध १२.०५. फिर्यादीतली वेळ १२.१५. उत्तरार्धात त्याच्या क्रमांकासमोर चढायांचे गुण क्रमाने लिहिलेले. एक बोनस खोडलेला, शेजारी सरपंचांची (सामन्याच्या मुख्य पंचांची) सही.

अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ खाली (नव्या संहितेत ४३२) अर्ज करून, हा कागद आधी का आला नाही आणि न्यायासाठी तो का हवा, हे पटवावं लागलं. मग गुणलेखकाची साक्ष झाली. ‘हे मागाहून भरलं नाही कशावरून?’ या प्रश्नावर त्याने पानाखालची सही दाखवली. ती हरलेल्या संघाच्या कर्णधाराची होती. त्या खोडलेल्या बोनसवरून तोच भांडला होता, आणि साक्षीला येऊन त्याने तसं सांगितलंही. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

ओळख परेड झालीच नव्हती. साक्षीदाराने जर्सीवरून ओळखलं होतं, आणि तशी जर्सी मंडळातल्या प्रत्येकाकडे होती.

युक्तिवादात माझा आग्रह एकच होता: ‘संशयाचा फायदा’ नको, तो तिथे नव्हताच असा निष्कर्ष नोंदवा. भरतीत दोन्हींचं वजन वेगळं पडतं. कोर्टाने तसा निष्कर्ष नोंदवला.

निकालाच्या प्रमाणित प्रती पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात देऊन पोच घेतली. साक्षांकन नमुन्यात (भरतीवेळी स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती द्यायच्या फॉर्ममध्ये) खटला लपवायचा नाही, हे त्याला बजावलं. निर्दोष सुटूनही लपवाछपवीने नोकरी जाऊ शकते. नमुना त्याने माझ्यासमोरच भरला.