स्कोअर शंभर आहे, मग अजून काय तपासता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही एकटे नाही. द्राक्षं निर्यात करणारे, क्लासवाले, हॉस्पिटलवाले, आता नाशिकचा कुंभमेळा जवळ आला म्हणून घाईघाईत बुकिंगची साइट करून घेणारे लॉजवाले, सगळेच लाइटहाउसचा, म्हणजे वेबसाइट तपासून गुण देणाऱ्या गुगलच्या टूलचा, हिरवा गोल माझ्यापुढे धरतात. "मॅडम, ॲक्सेसिबिलिटीत शंभरपैकी शंभर आलेत. मग पाच दिवस तुम्ही तपासणार काय? आणि त्याचे पैसे कसले?"

इतके दिवस मी हसून वेळ मारून नेत होते. खरं उत्तर द्यायचं तर माझ्याच एका कामाबद्दल बोलावं लागतं.

आधी साधं उत्तर. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे अंध, अपंग माणसांनाही साइट वापरता येणं. टूल विचारतं, चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे न दिसणाऱ्याला चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर, आहे का? आहे. तो 'फोटो' एवढाच आहे, हे त्याला खटकत नाही. रकान्याला लेबल आहे का? आहे. 'रक्कम'च्या रकान्यावर 'नाव' असं लेबल असलं तरी चालतं. पानाची भाषा सांगितली आहे का? सांगितली आहे, इंग्रजी. अख्खं पान मराठीत आहे, हे त्याच्या गावीही नसतं. अर्जातले सगळे रकाने भरलेत अशी कारकून पोच देतो ना, तसा तो हिरवा गोल. भरलंय ते खरं की खोटं, कोणी पाहिलेलं नाही. बाकीचं हाताने तपासा, असं त्याच अहवालात खाली लिहिलेलं असतं. तिथपर्यंत कोणी जात नाही. मीही गेले नव्हते.

२०२१ मध्ये मी एका पतसंस्थेची साइट केली. शंभर आले. मी त्या गोलाचा प्रिंट काढून कॉलेज रोडच्या ऑफिसात फ्रेम करून लावला. हसा.

माझा मामा त्या पतसंस्थेचा जुना ठेवीदार. सातपूरला कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. काचबिंदूने आधी कडेची नजर गेली, मग होती तीही गेली. साठीनंतर तो लॅपटॉपवर एनव्हीडीए शिकला. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल कुरन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. मामा तो इतक्या वेगात ऐकतो की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर ऐकू येते.

एका रविवारी त्याची ठेव नूतनीकरणाला आली होती. मीच म्हटलं, "मामा, शाखेत कशाला जातोस? माझ्या साइटवरून कर, मी बसते शेजारी." कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय.

पान उघडलं आणि मामाचा रोजचा मराठी आवाज बाजूला पडून भलताच सुरू झाला, कारण कोडात भाषा इंग्रजी होती. त्याने काहीतरी खटपट करून आवाज परत आणला. मग शीर्षकांवरून उड्या मारत पुढे जायला 'एच' दाबला. शीर्षक एकच, पतसंस्थेचं नाव. बाकीची शीर्षकं मी नुसती अक्षरं मोठी करून केली होती. डोळ्यांना ती शीर्षकं, स्क्रीन रीडरला साधा मजकूर.

तरी तो अर्जापर्यंत पोचला. टॅब दाबत नाव, खाते क्रमांक, रक्कम. त्यानंतर एकदम 'अटी मान्य'.

"मुदत कुठे गं?"

"आहे ना, रकमेच्या खालीच."

"नाही."

होती. माउसने उघडणारी, सावलीबिवली दिलेली यादी होती, मला फार आवडायची. कीबोर्डसाठी ती अस्तित्वातच नव्हती. मामा मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे. माझा हात माउसकडे गेला तसा म्हणाला, "तू हात लावू नकोस. मला येतं." शेवटी त्याने मुदत न निवडताच 'जमा करा'वर एंटर मारला. पडद्यावर लाल चौकट आली, वर लाल अक्षरात 'मुदत निवडा' आलं. स्क्रीन रीडर गप्प. त्याने पुन्हा एंटर मारला. पुन्हा लाल, पुन्हा गप्प.

"झालं वाटतं," मामा म्हणाला. "ओटीपी नाही आला?"

"या साइटला लागत नाही," मी म्हणाले. "झालं."

का म्हणाले, ते आजही नीट सांगता येत नाही. मामी पोहे घेऊन आली होती, मामाचा चेहरा खुलला होता, आणि माझ्या ऑफिसात फ्रेम होती. रात्रीत दुरुस्त करू, उद्या फोन करून सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी वेगळंच काम निघालं. नंतर नंतर ते सांगणं अवघड होत गेलं.

तीन महिन्यांनी मामा पासबुक भरायला शाखेत गेला. ठेव मुदत संपून पडून होती, व्याज बचत खात्याचं. "तुमचा अर्ज आलाच नाही," असं त्याला सांगितलं. घरी येऊन तो मामीला म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असणार." मामीने मला फोनवर सांगितलं. पैशाचं मला तेवढं लागलं नाही. ते वाक्य लागलं.

त्यानंतर मी साइट दुरुस्त केली, फुकट. मामाला म्हणाले, साइटमध्ये दोष होता, तुझी चूक नव्हती. अर्धंच सांगितलं.

लगेच मला पश्चात्ताप होऊन सेवेला लागलेली बाई समजू नका. २०२१ मधली मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, पतसंस्थेने दिले किती, त्यात टूल चालवलं हेच खूप. म्हणते, एकाही अंध सभासदाची तक्रार नव्हती. तक्रारीचं तिला उत्तर आहे माझ्याकडे: कोण स्क्रीन रीडर वापरतो हे ब्राउझर साइटला कळवत नाही, आणि ज्याला अर्ज भरता येत नाही तो तक्रारीचा फॉर्म तरी कसा भरणार? पैशाचं तिचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही.

"कायद्याने सक्ती आहे का?" हा तुमचा पुढचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेची, म्हणजे याच ॲक्सेसिबिलिटीची, नुसती शिफारस पुरणार नाही, सक्तीचे नियम करा, असं सरकारला बजावलं. त्याच न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला दुसऱ्या एका खटल्याच्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यात अर्ज करणाऱ्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई होत्या. ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, 'डोळे मिचकवा' म्हटलं की त्यांनी काय करायचं? हे मी मीटिंगमध्ये सांगते तेव्हा समोरचे मान हलवतात आणि विचारतात, दंड किती?

तर पाच दिवस काय करते. पहिल्या दिवशी माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवते. टॅबने सगळीकडे जाता येतं का, आपण कुठे आहोत ते दिसतं का, उघडलेल्या खिडकीतून बाहेर पडता येतं का. मग पान चारशे टक्के मोठं करून बघते. एनव्हीडीएचा पडदा लावून, स्क्रीन काळी करून, मुद्दाम चुकीचा अर्ज भरते आणि चूक ऐकू येते का ते बघते. व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघते, तेव्हा सबटायटल नसल्याचं कळतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी पीडीएफ सापडली की डोक्याला हात लावते. स्क्रीन रीडर त्यातलं 'परिपत्रक' इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून वाचतो.

एवढं करूनही मी डोळस आहे. काळा पडदा मला हवा तेव्हा काढता येतो. म्हणून शेवटचे दोन दिवस एका अंध तपासनिसाचे असतात, आणि तुम्हाला खुपणारे पैसे मुख्यतः त्याचे आहेत. पहिल्या दोन तासांत तो माझ्या तीन दिवसांतून सुटलेलं काहीतरी काढतोच. मला राग येतो, अजूनही.

आणि हो, कोटेशनमध्ये 'लाइटहाउस स्कोअर १००' ही ओळ मी आजही टाकते. ती नसली की काम दुसऱ्याकडे जातं.

मामा अजून शाखेतच जातो, रिक्षाने. साइट चालते, हे त्याला माहीत आहे. त्यानेच तपासून दिली. "तिथे चार माणसं भेटतात," म्हणतो. ते खरं असेल, किंवा त्या रविवारनंतर त्याचा स्वतःवर विश्वास उरला नसेल. विचारायचं तर आधी ते दुसरं अर्धं सांगावं लागेल. हे लिहिलेलं मी त्याला पाठवणार आहे. त्याच्या त्या वेगात ऐकायला त्याला चार मिनिटंही लागणार नाहीत.