कृत्ये 28 नंतर

रविवार, रात्र

बायबलमधलं यिर्मया 29:11 (अध्याय 29, वचन 11: देवाच्या मनात हिताचेच संकल्प आहेत हे आश्वासन) तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतात, 10वं वचन मात्र वाचायचं राहून जातं. तिथे सत्तर वर्षांची मुदत आहे. पत्र बाबेलातल्या बंदिवानांना, सगळ्यांना मिळून लिहिलेलं. त्यातल्या बहुतेकांचं म्हातारपण तिथेच सरणार होतं. तोवर करायचं काम 5 ते 7 वचनांत आहे: घरं बांधा, मळे लावा, संसार थाटा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. हे सोडून फक्त 11वं वचन आपल्या नावावर केलं, की नोकरी हुकल्याबरोबर विश्वास डळमळतो.

दाविदाचंही तेच. 1 शमुवेल 17 मध्ये तो गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडतो, आणि वाचताना जो तो स्वतःच दावीद होऊन गोफण हातात घेतो. मला तरी आपली जागा चाळीस दिवस गल्याथाला घाबरून बसलेल्या सैन्यात दिसते. लढला एकटा, जय सर्वांचा झाला, आणि मग 52व्या वचनात तेच भेदरलेले लोक गर्जना करत पाठलागाला निघाले. ख्रिस्ताच्या मरणावरच्या विजयानंतर मंडळी, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणारे, नेमकी तिथे उभी आहे.

म्हणून कुठलाही उतारा घेतला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात: तो कोणाला सांगितला आहे, येशूच्या वधस्तंभावरच्या मरणाच्या आधीचा की नंतरचा, आणि त्यातलं पुढे काय चालू राहिलं. लेवीय 1 ते 7 मधली अर्पणं इब्री 10 मध्ये, ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या अर्पणापाशी, थांबतात. लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावरची प्रीती येशू स्वतः पुढे आणतो. बायबलच्या कथेचा धागा हाती नसेल तर रोज एक अध्याय, आठवडाभर: उत्पत्ती 12, निर्गम 19, 2 शमुवेल 7, यिर्मया 31, लूक 24, प्रेषितांची कृत्ये 2, प्रकटीकरण 21. (थेट प्रकटीकरणात उडी मारणारे बहुधा जगाच्या शेवटाच्या तारखा मोजत बसतात.)

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपतं तेव्हा पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षं उपदेश करतोय; त्याच्या खटल्याचं काय झालं, ते लिहिणारा लूक सांगत नाही. 1:8 मधला ‘पृथ्वीच्या शेवटापर्यंत’ साक्षी होण्याचा पल्ला तर अजून बाकीच. आपण या शेवटच्या 28व्या अध्यायाच्या पुढे आणि प्रकटीकरण 21 मधल्या नव्या आकाश-पृथ्वीच्या अलीकडे आहोत. नव्या करारातली पत्रं याच टप्प्यावरच्या मंडळ्यांना लिहिलेली, त्यामुळे रोजच्या वागण्याचे प्रश्न तिथे आधी शोधावेत. प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) दोन्ही कडाही 1 करिंथ 11:26 मध्ये आहेत: मागे प्रभूचं मरण, पुढे ‘तो येईपर्यंत’.