स्पोर्ट बाइकचे टायर बदलताना: रुंदी नको, पाऊस आणि तारीख बघा

टायर संपलाय का, हे लांबून नक्षी बघून कळत नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. तिथून सरळ वर गेलं की खाचेच्या तळाशी रबराची बारीक आडवी पट्टी दिसते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. पुण्यात मात्र मागचा टायर तिथवर पोचण्याआधीच बाद होतो. रोज हिंजवडी किंवा खराडीला सरळ रस्त्याने जाणं-येणं असलं की मधला पट्टा झिजून सपाट होतो आणि कडा कोऱ्याच राहतात. अशा टायरवर वळणात गाडी झुकवली की सपाट भागाच्या कडेवरून ती एकदम आत पडते. वरंध किंवा ताम्हिणी घाटात, ओल्या रस्त्यावर, हे नको. म्हणून मधली खाच दोन मिलिमीटरच्या आसपास आली की जून लागायच्या आत टायर बदलावा, पट्टीची वाट बघू नये.

पुढचा टायर हळू झिजतो. साधारण दोन मागचे संपतात तोवर एक पुढचा चालतो. पण तेवढ्यात त्याचं रबर वयाने कडक होतं. नखाने दाबून बघा, बारीक चिरा शोधा. नक्षीचे ठोकळे एका बाजूने उंच, दुसऱ्या बाजूने खाली असे करवतीसारखे झाले असतील, तर हवा कमी ठेवली गेली आहे किंवा पुढचं सस्पेन्शन थकलंय. ते न बघता नवा टायर टाकलात तर तोही तसाच झिजेल.

आता साइज. यामाहाच्या आर१५ च्या मागच्या टायरवर १४०/७० आर१७ ६६एच असं लिहिलेलं असतं. रुंदी १४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंची. ६६ हा भाराचा आकडा, म्हणजे ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एस असेल तर १८०, डब्ल्यू असेल तर २७०. एवढ्या वेगाने कोणी जात नाही हे खरं, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसेल तेही सांगतं. म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्या-अक्षराच्या खाली उतरू नका. वरचं चालेल.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते: आर१५ ला १५०/६० बसवायचा हट्ट. मागून गाडी भरदार दिसते, हे मान्य. पण हिशोब करून बघा. १४०/७० ची भिंत ९८ मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून १९६, अधिक रिमचे ४३१.८. एकूण व्यास ६२७.८. १५०/६० चा तोच हिशोब ६११.८ येतो. व्यास १६ मिलिमीटरने घटला, म्हणजे गाडीची मागची बाजू ८ मिलिमीटर खाली बसली आणि पुढच्या फोर्कचा कोन पसरला. जी गाडी झटकन वळण्यासाठी घेतली तीच वळायला आळशी होते. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना मागचं चाक घसरू न देणारी) दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करून चालतात, तेव्हा त्यांचं मूळ प्रमाण बिघडवण्यात शहाणपण नाही. ज्या गाड्यांना मुळात १५०/६० आहे, म्हणजे चाकणला तयार होणाऱ्या ड्यूक आणि आरसी ३९०, किंवा अपाची आरआर ३१०, त्यांच्यावर १६० चढवणंही तसंच. रिम तेवढीच राहते, त्यामुळे टायर दोन्हीकडून चिमटला जातो, माथा टोकदार होतो, आणि सरळ चालताना रस्त्याला टेकणारं रबर उलट कमी होतं.

रेडियल (आतले धागे टायरच्या आडवे सरळ) आणि बायस (धागे तिरके) यांची सरमिसळ करायची वेळ आली तर पुढे बायस, मागे रेडियल चालतं. आर१५ ला कंपनीच तसं देते. उलटं करू नका. शक्यतो दोन्ही टायर एकाच मालिकेतले घ्या, त्यांची गोलाई एकमेकांना जुळवून बनवलेली असते.

मऊ रबर म्हणजे चांगली पकड, ही समजूत अर्धीच खरी आहे. ट्रॅकसाठीचं रबर तापल्यावरच पकडतं, आणि कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलांमध्ये ते कधी तापत नाही. थंडीत पहाटे लोणावळ्याकडे निघालात तर अजिबातच नाही. शिवाय त्याच्या खाचा कमी, म्हणजे पाणी बाहेर काढायला वाट नाही. पुण्यात वर्षाचे चार महिने पाऊस, त्यात पेव्हर ब्लॉक, चेंबरची लोखंडी झाकणं आणि झेब्रा पट्ट्यांचा गुळगुळीत रंग. इथे स्पोर्ट-टूरिंग प्रकारचाच टायर घ्यावा असं माझं ठाम मत आहे: रबरात सिलिका भरपूर, मधल्या भागापर्यंत येणाऱ्या खोल खाचा, आणि जमल्यास मधे कडक, कडेला मऊ असं दुहेरी कंपाउंड. मिशेलिन रोड ५ या जातीचा आहे, २०२० पासून आरआर ३१० वर तो कंपनीकडूनच येऊ लागला. देशी रेडियलमध्ये अपोलोचा अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम आणि एमआरएफचा स्टील ब्रेस बघा. फक्त घाटातल्या शेवाळावर आणि सांडलेल्या डिझेलवर कुठलाच टायर टिकत नाही, हे लक्षात असू द्या.

दुकानात, नाना पेठेत असो की घराजवळ, भाव विचारण्याआधी म्हणा, “दादा, तारीख दाखवा.” साइडवॉलवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. जून २०२० पासून मोटरसायकलच्या टायरच्या आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे परदेशी टायर नेहमी ताजा मिळेल असं नाही. वर्षभराच्या आतला असेल तर उत्तम, दोन वर्षांपलीकडचा सवलतीतही घेऊ नका. पुढचा-मागचा, दोन्हींची तारीख बघा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावर कर किती लावलाय तेही वाचा.

टायर मशीनवरच चढवून घ्या. पहारीने चढवला की अलॉयची रिम खरवडते आणि टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी आतली कड, फाटते, मग हवा रोज थोडी थोडी जात राहते. जुना रबरी व्हॉल्व्ह बदलाच. रिमची कड घासून साफ करायला सांगा. बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी जुळली पाहिजे. पुढच्या टायरची नक्षी काही वेळा उलटी वाटते, तरी बाणावरच विश्वास ठेवा. साइडवॉलवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यावा, तो टायरचा हलका भाग. बीड बसताना ठप्प आवाज येतो. त्यानंतर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते फिरवून तपासा. बॅलन्सिंग दोन्ही चाकांचं करा. साठ ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर वजनं चिकटवत बसू नका, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा.

चाक परत बसवताना स्पेसर डावे-उजवे अदलाबदल होतात आणि एबीएसचा सेन्सर धडकतो, म्हणून उभं राहून बघा. मागचं चाक निघालंच आहे तर स्प्रॉकेटमागचे (चेनच्या दातेरी चक्रामागचे) कुश रबर, म्हणजे धक्के झेलणारे रबरी तुकडे, हलवून पाहा, सैल असतील तर आत्ताच बदला. चेनचा ताण स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने. दुकानाबाहेर पडण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबा. कॅलिपरचे पॅड मागे सरकलेले असतात, आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

नव्या रबरावर साच्याचा चकचकीत थर असतो. पहिले दीडशे किलोमीटर झुकवणं हळूहळू वाढवा, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारू नका, आणि टायरला पॉलिश लावू नका. हवा गार टायरमध्ये, सकाळी, स्टिकरवरच्या आकड्याएवढी भरा. पावसात पकड वाढावी म्हणून ती कमी करू नका, कारण खाचा दबून पाणी काढायचं काम मंदावतं. दीडशे किलोमीटर झाले की चेनचा ताण एकदा पुन्हा मोजा आणि चिकटवलेली वजनं जागेवर आहेत का, ते बघा.