सिलिॲकचं पथ्य खरंच पाळलं जातंय का? फेरतपासणीचा माझा अनुभव

"पथ्य पाळताय ना?" असं विचारलं की सिलिॲकच्या रुग्णाकडून उत्तर ठरलेलं असतं : "हो, अगदी कडक." ते खोटं बोलत नसतात. सिलिॲक म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, त्यामुळे पोळी, पाव, बिस्किटं सुटून वर्ष झालेलं असतं. पण भाकरीचं पीठ गव्हाच्या मागोमाग दळून आलेलं असतं, ते त्यांच्या हिशेबातच नसतं. म्हणून आहारतज्ज्ञ म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. प्रत्येक तपासणी वेगवेगळ्या काळाबद्दल सांगते, कोणती किती मागचं सांगते हे ध्यानात ठेवून मी कामाला लागते.

सुरुवात रक्ताच्या रिपोर्टपासून. निदानाच्या वेळी एकूण आयजीए (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) पाहिलं होतं का, ते आधी शोधते. ज्यांच्या शरीरात आयजीएच तयार होत नाही त्यांचा टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिॲकची नेहमीची रक्तचाचणी, गहू खाऊनही नॉर्मल येतो. त्यांना आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी लागते. मग आकड्यांचा कल बघते. लॅब शक्यतो एकच असावी, कारण प्रत्येक किटची मर्यादा वेगळी. नुसता आकडा न लिहिता मर्यादेच्या किती पट आहे ते लिहून ठेवते. सुरुवातीला फार वाढलेला टीटीजी खाली यायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात, त्यामुळे सहा महिन्यांत नॉर्मल झाला नाही म्हणून घरच्यांना बोल लावू नये. उतरत असेल तर ठीक. एका जागी अडकला किंवा उतरून पुन्हा चढला, तर कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय. नॉर्मल रिपोर्ट मात्र पथ्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. थोडं थोडं जाणारं ग्लुटेन त्यात पुष्कळदा दिसत नाही, आणि आतड्याचं अस्तर भरून आलंय की नाही हेही त्यावरून कळत नाही.

पथ्य किती पाळलं जातंय ते मोजणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी मी सीडॅट वापरते. सात प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण, बेरीज ७ ते ३५. १३ पेक्षा कमी म्हणजे पथ्य चांगलं, १७ च्या वर म्हणजे गडबड. त्यात थकवा आणि डोकेदुखीचेही प्रश्न आहेत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईची बेरीज पथ्य सांभाळूनही वाढते, म्हणून प्रत्येक उत्तर सुटं वाचावं लागतं. बिआजी या डॉक्टरांची ० ते ४ गुणांची पद्धत त्याहून झटपट होते. पण ती इटलीतली. तिचा भर पाकिटावरच्या लेबलवर आणि मान्यताप्राप्त पदार्थांवर. आपल्याकडे निम्मं अन्न दळणातून येतं, आणि दळणाला लेबल नसतं.

त्यामुळे माझा सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात जातो. तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगते, त्यातला एक दिवस सुट्टीचा किंवा सणाचा. सोबत फोटो मागते : मिसळणाचा डबा, पिठांचे डबे, पोळपाट-लाटणं, तवा. हिंगाच्या डबीची मागची बाजू हमखास बघते. बहुतेक बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, आणि फोडणी रोजची. थालीपिठाच्या भाजणीत गहू, मेतकुटात गहू. सातू म्हणजे जव, त्यात ग्लुटेन असतं. आणि आपल्याकडे सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा गहूच असतो. जवस मात्र चालते, नावावरून दोन्हींची गल्लत होते. माल्ट घातलेली दुधातली पावडर जवाचीच. "खपली गहू पचायला हलका, तो चालतो" हा समज तर आधी मोडून काढावा लागतो. खपलीही गहूच आहे, तिच्यात ग्लुटेन असतं.

मग हिशेब मांडून दाखवते. एका पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तर त्यात साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे अडीच हजार मिलीग्रॅम ग्लुटेन. २००७ मध्ये इटलीत झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलीग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसली. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, जेमतेम चिमूटभर कणीक. आता गिरणी. समजा, यंत्रात अडकलेलं दहा ग्रॅम गव्हाचं पीठ किलोभर ज्वारीच्या पिठात आलं. तीन भाकऱ्यांना १८० ग्रॅम पीठ लागलं, तर त्यांतून जवळपास दीडशे मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं. ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलीग्रॅमची मर्यादा आहे. या पिठात किलोमागे आठशे. "आधी मूठभर ज्वारी दळून घेतो" एवढ्यावर भागत नाही. धान्य निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून गहू कधीच न घातलेल्या घरघंटीत दळावं. ते जमत नसेल तर वेगळ्या भांड्यात मिक्सरवर थोडं थोडं काढावं, चाळणही वेगळीच ठेवावी. लाकडी पोळपाटाच्या चिरांत कणीक मुरलेली असते, म्हणून तो वेगळा हवा. भाकरी थापताना शेजारी पोळ्यांची पिठी उडत असेल तर भाकऱ्या आधी उरकून घ्याव्यात.

हे सगळं निस्तरूनही टीटीजी हलला नाही, तर लघवीतले किंवा शौचातले ग्लुटेनचे अंश तपासण्याची चाचणी उपयोगी पडते. लघवीवरून मागचा एखाददुसरा दिवस कळतो, शौचावरून त्याहून थोडे जास्त दिवस. ही चाचणी सगळीकडे मिळत नाही. नमुना लग्नकार्यानंतर किंवा सुट्टीनंतर घेतलेला बरा, आणि एकच नको. अगदी थोडं ग्लुटेन तीतूनही निसटतं. किशोरवयीन मुलांची चोरी पकडायला ही चाचणी कृपा करून वापरू नका. डब्यात ज्वारी-नाचणी निघाली की वर्गातली मुलं काय म्हणतात, ते आधी विचारा.

लक्षणं कायम असतील तर सगळा दोष पथ्यावर ढकलू नये. दूध न पचणं, लोहाची कमतरता, आतड्यात वाढलेले जिवाणू हीही कारणं असतात, त्यासाठी पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवते. अस्तराची खरी स्थिती पुन्हा केलेल्या बायोप्सीतच दिसते, आणि मोठ्या माणसांत ते भरून यायला वर्षं लागतात.

भेटीच्या शेवटी कागदावर दोनच बदल लिहून देते, बहुतेक वेळा दळण आणि हिंग. पंधरा सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही. टीटीजी पुन्हा सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.