सावलीचं वजन

सावलीला वजन असतं. माझ्या सावलीचं 14 किलो होतं. खोक्यावरच तसं छापलं होतं.

गेल्या मे महिन्यात देवबागला मामाकडे जाताना मी ही सावली सोबत नेली. दुमडता मांडव, 10 फूट बाय 10 फूट, चार लोखंडी पाय आणि वर निळं कापड. ऑनलाइन घेतला होता. जाहिरातीतल्या फोटोत कुठलंसं परदेशी तळं होतं, तळ्यात लाकडी धक्का, धक्क्यावर हा मांडव आणि मांडवाखाली खुर्च्या टाकून बसलेलं एक जोडपं. हातात लिंबाची चकती खोचलेले ग्लास. तळ्याच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. लिंबाच्या चकतीकडे बघण्याऐवजी मी त्या पाण्याकडे नीट बघायला हवं होतं.

मामाचा धक्का म्हणजे काठाला रचलेले जांभ्याचे चिरे आणि त्यापुढे पाण्यात गेलेला, खांबांवर टेकवलेला फळ्यांचा माचा. देवबाग ही मुळात एक लांबलचक पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माड आणि माणसं. काही ठिकाणी तर समुद्राकडे पाठ करून निघालं की चहा निवायच्या आत नदीवर पोचतो. मामाची होडी नदीच्या बाजूला असते. हंगामात तो पाहुण्यांना डॉल्फिन आणि संगम दाखवायला नेतो, उरलेल्या वेळात होडीची डागडुजी करतो आणि त्याहून उरलेल्या वेळात होडीतच झोपतो.

सकाळी नऊला मी मांडव उभारला. खटक, खटक, खटक, खटक, चार पाय उघडले, कापड ताणलं गेलं आणि माच्यावर झकास चौकोनी सावली पडली. मामी कोकम सरबत घेऊन आली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या, कापडाला हात लावून "केवढ्याक घेतलंस?" विचारून गेल्या. मी खरी किंमत सांगितली नाही. पिशवीत आठ खुंट्याही होत्या, पण त्या हिरवळीत ठोकायच्या. फळ्यांत काय ठोकणार? म्हणून मी दोन पायांना वाळूने भरलेल्या बादल्या बांधल्या. चार मिळाल्या नाहीत. बाकीच्या दोनांत मामीने तांदूळ भिजत घातले होते.

मामा लांबून बघत होता. जवळ आला, एका पायाला हात लावून हलवून बघितला आणि म्हणाला, "झिला, तुका सावली होयी काय शीड?"

मी हसलो. शहरातला माणूस गावात हसतो तसा.

आता जरा भूगोल. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत आपण सगळ्यांनी घोकले आणि परीक्षेत उलटे लिहून आलो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि त्या जागी समुद्रावरून हवा धावत येते, ते खारे वारे. रात्री उलट, ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न. पण दोन मार्कांत न मावणारी गोष्ट ही, की ज्या उन्हासाठी आपण छप्पर बांधतो, ते छप्पर उडवायला वाराही तेच ऊन पाठवतं. सकाळी नऊला कोकणात वारा नसतो, कारण जमीन अजून तापायची असते. उन्हाने डोकं धरायला लागतं तेव्हाच वाराही तयार होऊन येतो. तळ्याकाठच्या त्या जोडप्याला ही भानगड बहुधा ठाऊक नसावी.

साडेबाराच्या सुमाराला माड सळसळायला लागले. आधी मांडवाचा एक पाय नाचू लागला, बादली नसलेल्यांपैकी. मग कापडाच्या पोटात हवा शिरली आणि ते पुरीसारखं फुगलं. मी धावलो आणि उगाचच एक पाय धरला. क्षणभर मी आणि मांडव दोघंही विचारात पडलो की कोणी कोणाला धरलंय. मी सोडला, म्हणून मी हे लिहू शकतोय. मांडव उठला, एका कुशीवर वळला आणि दोन्ही बादल्यांसकट कर्ली नदीत जाऊन पडला, उताणा, चारही पाय वर करून, खेकडा उलटा टाकावा तसा.

मामा घाईत नव्हता. छोटी होडी सोडली, वल्हवत गेला, मांडवाच्या एका पायाला दोरी बांधली आणि ओढत आणला. काठावर तोवर बरीच मंडळी जमली होती. वरातीत फक्त वाजंत्री कमी होती.

रात्री मी हिशोब मांडला. ताशी 18 किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे काही वादळ नव्हे, चांगली झुळूक, सरळ अंगावर आला तर एका चौरस मीटरवर साधारण दीड किलोचा भार टाकतो. माझं कापड नऊ चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. म्हणजे झाले 14 किलो, बरोबर मांडवाच्या वजनाइतके. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 36 ला तोच आकडा छपन्नच्या पुढे जातो. छपराला वारा तिरका लागतो, तेव्हा हिशोब ढोबळच. पण मामाने हेच गणित पायाला नुसता हात लावून केलं होतं.

आणि उन्हाचा हिशोब? भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ऊन पडतं. आपली घरातली इस्त्री साधारण तेवढीच असते. होडीच्या फळीवर दुपारी बसणं म्हणजे काय, ते यावरून समजावं. त्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालवणच्या पट्ट्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी मध्यान्हीला डोलकाठीची सावली डोलकाठीच्याच बुडाशी गोळा होते. माणसाला स्वतःची सावलीही पायाखाली ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या होडीवरचं छप्पर पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं त्याखाली बसलो होतो, पण छप्पर कोण बघतं? चार पाइप, त्यांवर दोन आडवे बांबू आणि वर नर्सरीवाल्यांकडे असते ती हिरवी जाळी. शेतकरी तिला शेडनेट म्हणतो आणि टक्क्यांवर विकत घेतो: पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के, नव्वद टक्के. जितके टक्के ऊन अडतं तितके. मामाची पंचाहत्तरची होती. पाव ऊन आत येतं, पण वाराही आरपार जातो. "ताडपत्री कशाला नाही?" विचारलं तर म्हणाला, "पावसाक बरी. उन्हात ती तापता आणि मगे तीच आपणाक भाजता." खरंच, निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून डोक्यावर हात धरला की वरून तव्यासारखी धग येते. जाळीखाली ती तितकी साठत नाही.

पण मी खरा थांबलो तो गाठींपाशी. मी माझ्या मांडवाला सगळीकडे निरगाठी मारल्या होत्या, एकावर एक, दात-ओठ खाऊन. मामाच्या जाळीला समुद्राकडच्या बाजूला सगळ्या सुरगाठी. प्रत्येक गाठीचं एक शेपूट हाताला येईल असं लोंबत ठेवलेलं. ओढलं की सुटलं. वारा चढला की बसल्या जागेवरून दोन शेपटं ओढायची, जाळी एका अंगाला गोळा होते, होडी मोकळी. अमेरिकेतल्या हौशी बोटवाल्यांकडे दुमडणाऱ्या चौकटीवरचं असंच एक छप्पर असतं, त्याला बहामातल्या बेटांवरून बिमिनी म्हणतात. खटका दाबला की मागे आडवं पडतं. मामाच्या छपराला नाव नाही. मामी त्याला 'ता वरचा' म्हणते.

मग मला सगळीकडे या सावल्याच दिसायला लागल्या. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेला माणूस दुसरंच एक जुनं जाळं चार पदरी करून दोन वल्ह्यांवर टाकतो आणि त्याच्या सावलीत बसतो. जाळ्याखाली जाळं. लिलावाच्या जागी मासे विकणाऱ्या बायकांच्या मोठ्या रंगीत छत्र्या. छत्रीचा दांडा रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेला. नीट बघितलं तर त्या छत्र्या बायकांवर नसतातच. सावली पाटीवर असते आणि बाई अर्धी उन्हात. सुरमईच्या भोवती बर्फ आहे आणि एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात लिटरभर गार पाणी 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बर्फ काही तसा लेचापेचा नव्हे, पण उन्हात ठेवला तर त्याचाही इलाज चालत नाही. बाईच्या कातडीला बाजारात भाव नाही, सुरमईच्या आहे. सूर्य सरकला की ती छत्री सरकवते, पाटी नाही. पाटी हलवली तर गिऱ्हाइकाला वाटतं, माल आवरायला घेतला.

मुंबईकरांची गोष्ट याच्या अगदी उलट. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये वरच्या उघड्या डेकवर बसायचे जादा पैसे पडतात. खाली फुकट सावली असते. लोक पैसे मोजून उन्हात जातात आणि पाचव्या मिनिटाला डोक्यावर ओढणी, वर्तमानपत्र, वेफर्सचं पाकीट, जे हाताला येईल ते धरतात. मीही धरलंय. भाऊचा धक्का बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्यांनी 1841 साली बोटीच्या उतारूंची चढउताराची सोय केली. त्या उतारूंच्या वंशजांना कधीतरी उन्हाचंच तिकीट विकता येईल, हे काही त्यांच्या स्वप्नात आलं नसेल.

सगळ्यात थाटाची सावली मात्र होड्यांनाच मिळते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. तेव्हा होड्या वर ओढून माडांखाली आडव्या लावतात आणि माडाच्या झापांनी शाकारतात. एकावर एक झाप, मध्ये हवा खेळती, वरून पाणी निथळून जाणारं. घरावर सिमेंटचे पत्रे आले, होडीवर अजून पुष्कळ ठिकाणी झाप आहेत. मामी एकदा म्हणाली होती, "माज्या घरापेक्षा हेच्या होडयेक थंडावो जास्त." मामाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस सुरगाठी मारायला शिकत असावा.

माझ्या मांडवाचं पुढे काय झालं, तर त्याची चौकट मामीने परसात उभी केली. तिच्यावर दोडका चढलाय. निळं कापड मामाने बघितलं, बोटांनी चुरगाळलं, मधोमध ताटाएवढं भोक कापलं आणि म्हणाला, आता चालेल. मला आधी वाईट वाटलं. पण तंबूंना, मोठ्या छत्र्यांना वर असा झरोका ठेवतात. आतला वारा तिथून निघून जातो. माझ्या पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या सावलीत नेमकं ते भोक तेवढं नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं होडीत होतो. नदीत मध्यावर नांगर टाकलेला, वर ते भोकाचं कापड, दोन बाजूंना सुरगाठी. मामा आडवा झाला होता, पंचा तोंडावर. मी कापडाच्या खालच्या अंगाकडे बघत पडलो होतो. पाण्यावरून उलटून आलेलं ऊन तिथे नाचत होतं, पिवळसर रेषांची जाळी, सारखी विणली जाणारी, सारखी उसवणारी. मामाचा चेहरा हनुवटीखालीसुद्धा का रापलाय, ते मला तेव्हा कळलं. छप्पर वरचं ऊन अडवतं. सकाळ-संध्याकाळी तिरकं पडून पाण्यावरून परत येणाऱ्या उन्हाला कोण अडवणार?

जमिनीवर सावली सूर्याबरोबर हळूहळू सरकते. नांगरलेल्या होडीत तसं नसतं. तिथे भरती-ओहोटीही सावली हलवते. तासभर माझ्या अंगावर स्वस्थ पडून असलेली सावली एकाएकी पायांवरून निघाली. घोट्यांना ऊन लागलं, मग पोटऱ्यांना. मला वाटलं, कापड सुटलं. बघतो तर कापड जागेवर. काठावरचे माडच फिरत होते. जो देऊळवाडीचा काठ माझ्या उजव्या हाताला होता तो पायथ्याशी आला, मग डावीकडे गेला. होडी नांगराभोवती सावकाश वळत होती.

पंचाखालून आवाज आला, "सुकती लागली." म्हणजे ओहोटी.

"घड्याळ न बघता कसं कळलं?"

"पायांक ऊन लागला." आणि त्याने पाय आखडून घेतले. मीही घेतले. आमच्या दोघांच्या मधून तो ताटाएवढा उन्हाचा गोल फळीवरून सरकत सरकत चहाच्या किटलीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.